बॅटच्या मुठीतला सेन्सर: काय मोजतो, काय मोजत नाही

महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ आहेत. क्रिकेटइतकी त्यांची चर्चा होत नाही, टीव्हीवरही ते फारसे दिसत नाहीत. पण दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकऱ्यांमधलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, यांमुळे तालुक्याच्या गावांतले पालकही आता या खेळांची चौकशी करू लागले आहेत. लोणारच्या एखाद्या शाळेतली मुलगी सॉफ्टबॉलमध्ये उतरली, तर तिची वाट बुलडाणा जिल्हा, अमरावती विभाग आणि मग राज्य अशी जाते. या वाटेवर तिला आणि तिच्या सरांना मोबाइलवर एक दृश्य हमखास दिसतं. परदेशातली तिच्याच वयाची मुलगी बॅट फिरवते आणि लगेच शेजारच्या पडद्यावर बॅटचा वेग, कोन, लागलेला वेळ असे आकडे उमटतात. त्या बॅटच्या मुठीत सेन्सर बसवलेला असतो.

हा सेन्सर नेमकं काय करतो, त्याच्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा आणि आपल्या मैदानावर त्याचा उपयोग किती, ते पाहू.

०.४ सेकंदांचा खेळ

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू फेकणारी पिचर आणि फलंदाजापुढची होमप्लेट यांच्यात ४३ फूट, म्हणजे सुमारे १३.१ मीटर अंतर असतं. चेंडू हातातून सुटतो तेव्हा पिचर दीडेक मीटर पुढे झेपावलेली असते. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू उरलेलं अंतर ०.४२ सेकंदात कापतो. बेसबॉलमध्ये पिचर १८.४ मीटरवर असतो, पण चेंडूचा वेग इतका जास्त की वेळ जवळपास तेवढाच, ०.४ सेकंद. त्यातला ०.१५ ते ०.२ सेकंद बॅट फिरवण्यातच जातो. म्हणजे चेंडू पाहणं, तो कुठे येणार हे ताडणं आणि मारायचं की सोडायचं हे ठरवणं, या सगळ्यासाठी पाव सेकंदाच्या आसपास उरतो. बॅट आणि चेंडू यांची प्रत्यक्ष गाठ तर एक हजारांश सेकंदाच्या आसपासच टिकते.

इतक्या वेगात काय घडलं हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही. अनुभवी प्रशिक्षकाला ते जाणवतं, पण मोजता येत नाही. मोजण्याची ही ओढ जुनी आहे. १९२१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेब रूथ या गाजलेल्या फटकेबाजाला नेऊन त्याच्या फटक्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. तेव्हा त्यासाठी प्रयोगशाळा लागली. आज तेच काम काही ग्रॅम वजनाचा तुकडा करतो.

मुठीच्या आत काय असतं

बॅटच्या मुठीखाली जो गोल गड्डा असतो, त्याला खेळाडू नॉब म्हणतात. सेन्सर बसतो तो तिथे. काही कंपन्या रबरी टोपीसारखा सेन्सर नॉबवर चढवतात. ब्लास्ट मोशनचा सेन्सर असाच लावला जातो. काही जण तो बॅटच्या आतच बसवतात. २०१६ च्या सुमारास झेप या कंपनीने ओल्ड हिकरी या बॅट बनवणाऱ्या कंपनीसोबत नॉबमध्येच सेन्सर असलेली बॅट आणली होती.

आतमध्ये मुख्य दोन गोष्टी असतात. पहिली त्वरणमापक, म्हणजे ॲक्सेलरोमीटर. सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर तोललेला, डोळ्यांना दिसणार नाही एवढा एक ठोकळा असतो. बॅटला हिसका बसला की तो किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्यामुळे विद्युत धारिता बदलते. तो बदल मोजला की हिसका किती होता ते कळतं. दुसरी गोष्ट जायरोस्कोप. त्यात तसाच एक ठोकळा सतत थरथरत ठेवलेला असतो. बॅट फिरली की ही थरथर बाजूला ढकलली जाते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे ज्या कोरिऑलिस परिणामाने वळतात, तोच इथेही असतो. ते ढकललं जाणं मोजलं की बॅट सेकंदाला किती अंश फिरते आहे हे समजतं. दोन्ही उपकरणं तीन-तीन दिशांना मोजतात, सेकंदाला शेकडो ते हजारभर वेळा. ही माहिती ब्लूटूथने मोबाइलवर जाते आणि आकडेमोड तिथे होते.

या तंत्रात परकं काही नाही. असे त्वरणमापक १९९० च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगमुळे मोठ्या प्रमाणावर बनू लागले. मोबाइल आडवा केल्यावर पडदाही आडवा होतो, तो यांच्यामुळेच. फरक आहे तो ताकदीचा. जोरकस फटक्यात बॅट सेकंदाला २,४०० अंशांपर्यंत फिरू शकते, आणि साध्या मोबाइलमधला जायरोस्कोप बहुधा २,००० अंशांच्या आसपास हात टेकतो. म्हणून बॅटसाठी जास्त पल्ल्याचे सेन्सर लागतात. शिवाय चेंडू आदळतानाचा दणका झेलूनही ते शाबूत राहावे लागतात.

सेन्सर नॉबमध्येच का, यालाही कारण आहे. बॅट मुठीच्या जवळून फिरते. तिथे वीस-पंचवीस ग्रॅम वाढले तरी बॅट फिरवायला जड लागत नाही. तेच वजन दुसऱ्या टोकाला लावलं, तर हाताला लगेच जाणवेल. त्यातून नॉबपाशी चेंडूही लागत नाही.

आतला की वरचा? आत बसवलेला सेन्सर हलत नाही, तिरका होत नाही, आणि बॅटची लांबी-वजन त्याला आधीच माहीत असतं. पण बॅट तडकली की सेन्सरही गेला. वरचा सेन्सर या बॅटवरून त्या बॅटवर नेता येतो, एकावर अख्खा संघ सराव करू शकतो. मात्र करंगळी नॉबवर टेकवून बॅट धरणाऱ्यांना तो नडतो.

हिशेब कसा होतो

सेन्सर मुठीत आहे, चेंडू लागतो तो बॅटच्या दुसऱ्या टोकाकडे. ज्या जागी चेंडू लागला की हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि फटका खणखणीत बसतो, तो स्वीट स्पॉट टोकापासून साधारण १३ ते १८ सेंटीमीटर आत असतो. तिथला वेग सेन्सर थेट मोजत नाही, तो गणिताने काढतो. समजा, बॅट सेकंदाला २,४०० अंश, म्हणजे सुमारे ४२ रेडियन फिरते आहे आणि स्वीट स्पॉट सेन्सरपासून ६५ सेंटीमीटरवर आहे. दोहोंचा गुणाकार २७ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ९८ किलोमीटर. त्यात मुठीचा स्वतःचा वेग मिळवला की बॅटचा वेग मिळाला.

इथेच एक खाचखळगा आहे. ॲपमध्ये बॅटची लांबी ५ सेंटीमीटर चुकीची भरली, तर या उदाहरणात ताशी साडेसात किलोमीटरची चूक होते. मुलीचा वेग महिन्याभरात साडेसातने वाढला म्हणून सर खूश, आणि खरं म्हणजे फक्त बॅट बदलली, असं सहज घडू शकतं.

दुसरी अडचण साचत जाणाऱ्या चुकीची. त्वरणावरून वेग आणि वेगावरून जागा काढताना बारीकशी चूकही वाढत जाते. सेन्सरमध्ये ०.१ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढी कायमची चूक असेल, तर दहा सेकंदांत तो स्वतःची जागा पाच मीटरने चुकीची सांगेल. पण ०.२ सेकंदांत तीच चूक जेमतेम दोन मिलीमीटर होते. फटका क्षणात आटोपतो, म्हणूनच हे तंत्र बॅटला मानवलं. फलंदाज फटक्याआधी क्षणभर स्थिर उभी राहते, तेव्हा सेन्सर गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने खाली-वर ठरवून घेतो आणि तिथून मोजणी सुरू करतो.

कोणते आकडे कामाचे

ॲप डझनभर आकडे दाखवतं. शाळेच्या पातळीवर तीन पुरेसे आहेत.

पहिला, बॅटचा वेग. चेंडू किती जोरात परतेल हे कशावर ठरतं, याचं एक सोपं सूत्र इलिनॉय विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांच्या लिखाणामुळे सर्वांना परिचित झालं आहे. लाकडी बॅट आणि बेसबॉल यांच्यासाठी ते ढोबळमानाने असं: येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा ०.२ पट आणि बॅटच्या वेगाची १.२ पट यांची बेरीज. चेंडू ९० ने आला आणि बॅट १०० ने फिरली, तर चेंडू १३८ ने परततो. चेंडूचा वेग १० ने वाढला तर परतीचा वेग २ नेच वाढतो. बॅटचा १० ने वाढला तर तो १२ ने वाढतो. सॉफ्टबॉलचा चेंडू जड, १७८ ते १९८ ग्रॅमचा. बेसबॉलचा १४२ ते १४९ ग्रॅमचा. त्यामुळे सॉफ्टबॉलला आकडे थोडे बदलतात, पण बॅटच्या वेगाचं पारडं तिथेही जड राहतं.

दुसरा, फटका सुरू झाल्यापासून चेंडूपर्यंत पोचायला लागलेला वेळ. अनेक मुलं हात मागे खूप ताणून वेग वाढवतात. आकडा सुधारतो, पण बॅट पोचायला ०.०२ सेकंद जास्त लागतात. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू तेवढ्यात ५५ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. सरावात उभ्या दांड्यावर चेंडू ठेवून मारताना हा दोष कधीच दिसत नाही, कारण तिथे चेंडू वाट पाहत बसलेला असतो. सामन्यात मात्र बॅट उशिरा पोचते. म्हणून वेग आणि वेळ हे दोन आकडे नेहमी जोडीने वाचावेत.

तिसरा, चढता कोन. चेंडूला लागताना बॅट किती अंशांनी वर चाललेली आहे तो. बेसबॉलमध्ये पिचर उंचवट्यावरून वरच्या हाताने फेकतो, त्यामुळे चेंडू साधारण सहा अंशांनी खाली येतो. बॅट तेवढीच वर चाललेली असेल, तर ती चेंडूच्या वाटेवर जास्त वेळ राहते आणि वेळेची थोडी चूक खपून जाते. टेड विल्यम्ससारख्या थोर फलंदाजाने यंत्रं नसताना हेच सांगितलं होतं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू कमरेखालून सुटतो आणि उंचवटाही नसतो, म्हणून बेसबॉलचा कोन तसाच्या तसा सॉफ्टबॉलच्या मुलींवर लादायचा नसतो.

आकडा कोणत्या मापाचा?

आकडा मोजण्याच्या पद्धतीवर ठरतो, हा मुद्दा लोणारकरांना पटायला वेळ लागणार नाही. १.८ किलोमीटर व्यासाचं आपलं लोणारचं विवर हेही उल्केच्या एका टकरीनेच झालं, आणि ती टक्कर कुणी पाहिलेली नाही. शास्त्रज्ञांनी बेसाल्ट खडकात उमटलेल्या खुणांवरून सगळं काढलं. थर्मोल्युमिनसन्स पद्धतीने विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं. पुढे आरगॉनच्या समस्थानिकांवरून ते ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. विवर तेच, खडक तेच; मोजायची पद्धत बदलली आणि आकडा अकरा पटींनी बदलला. म्हणून वयाचा आकडा लिहिताना जाणकार पद्धतीचंही नाव लिहितात.

बॅटच्या सेन्सरला हाच नियम लागू आहे. एक कंपनी टोकापासून पंधरा सेंटीमीटरवरचा वेग देते, दुसरी आणखी कुठला. एक चेंडू लागण्याच्या क्षणाचा वेग सांगते, दुसरी सर्वांत जास्त वेग. त्यामुळे दोन मैत्रिणींनी दोन वेगळ्या सेन्सरचे आकडे ताडून भांडण्यात अर्थ नाही. एकच सेन्सर, एकच बॅट आणि तीच मुलगी, महिन्यापूर्वी आणि आज, एवढीच तुलना भरवशाची.

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २०२४ पासून सामन्यांतल्या बॅटच्या वेगाचे आकडे सर्वांसाठी खुले केले. तिथे सरासरी ताशी ७२ मैल, म्हणजे सुमारे ११६ किलोमीटर, आणि ७५ मैलांच्या वर गेला तो वेगवान फटका. पण ते आकडे बॅटमधल्या सेन्सरचे नाहीत. मैदानाभोवती लावलेल्या हॉक-आय कॅमेऱ्यांतून ते काढले जातात. पायचीतच्या निर्णयामुळे आपल्याला माहीत झालेलं हॉक-आय हेच. ब्रिटनमध्ये ते तयार झालं आणि २००१ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणात आलं. सेन्सर सरावापुरता आणि सामन्यात कॅमेरे, अशी तिथली विभागणी आहे.

आपल्याकडचा सेन्सर क्रिकेटचा

भारतात हे तंत्र आलं ते क्रिकेटच्या बॅटवरून. २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत इंटेल आणि बेंगळुरूच्या स्पेक्युलर या कंपनीचा सेन्सर बॅटच्या दांड्याच्या टोकावर लावण्यात आला. आपल्या डोंबिवली-मुंबईत क्रिकेट शिकलेला अजिंक्य रहाणे, रोहित शर्मा आणि आर. अश्विन यांच्या बॅटवर तो असेल, असं त्या वेळी सांगण्यात आलं होतं. पुढच्याच वर्षी अनिल कुंबळे यांच्या स्पेक्टाकॉम कंपनीने बॅटच्या खांद्यावर चिकटवायचा, पाच ग्रॅमांपेक्षा हलका स्टिकर आणला.

क्रिकेटची बॅट चपटी असल्याने तिथे बॅटचं तोंड कुठे वळलं हेही मोजावं लागतं. सॉफ्टबॉलची बॅट गोल आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. उलट गोलावर गोल आदळताना एखाद्या सेंटीमीटरच्या फरकाने फटका आकाशात जातो नाहीतर जमिनीत. तो सेंटीमीटर मात्र सेन्सर सांगू शकत नाही, कारण चेंडू कुठे आहे हे त्याला ठाऊकच नसतं.

सेन्सरला काय दिसत नाही

हा मुद्दा जाहिरातीत येत नाही. सेन्सरला फक्त बॅट कळते. होमप्लेटच्या बाहेरून जाणारा चेंडू सोडायचा होता, तरी मुलीने बॅट फिरवली आणि ती उत्तम फिरली, तर सेन्सर शाबासकी देईल. पाय कुठे पडला, कंबर आधी वळली की खांदा, नजर चेंडूवर होती की नाही, यांतलं काहीही तो पाहत नाही. वेग कमी आहे हे तो सांगेल. का कमी आहे हे सरांनीच शोधायचं असतं. मूठ घट्ट आवळली होती, की बॅटच तिच्या ताकदीला जड होती, की सकाळपासून पोटात काही नव्हतं, याची उत्तरं ॲपमध्ये नाहीत.

आणखी एक. ॲपमध्ये मुलांचं नाव, वय, व्हिडिओ भरला जातो. पालकांना विचारल्याशिवाय शाळेने ते करू नये. आणि कंपनीने ॲप बंद केलं, तर सेन्सर चालू असूनही निरुपयोगी होतो.

बिनखर्चाचा प्रयोग

परदेशात असे सेन्सर साधारण शंभर ते दीडशे डॉलरला मिळतात, काहींना वर वार्षिक वर्गणी. त्याआधी शाळेतच करता येईल असा एक प्रयोग सांगतो.

अनेक मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारं स्लो मोशन असतं. बॅटवर टोकापासून १५ सेंटीमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. उभ्या पाइपावर चेंडू ठेवा आणि मोबाइल शाळेच्या गच्चीतून किंवा गॅलरीतून सरळ खाली धरा, म्हणजे बॅट कॅमेऱ्याच्या जवळ-लांब न जाता आडवी फिरताना दिसेल. चेंडू लागण्याच्या आधीची लागोपाठची दोन चित्रं थांबवून घ्या. चित्रातली बॅटची लांबी आणि खरी लांबी यांचं प्रमाण काढा आणि पट्टी किती सेंटीमीटर सरकली ते मोजा. १० सेंटीमीटर सरकली असेल, तर गुणिले २४०, म्हणजे सेकंदाला २४ मीटर, ताशी ८६ किलोमीटर. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. त्यात तीच पट्टी ८० सेंटीमीटर उडी मारेल आणि बॅट नुसती धूसर दिसेल. चुकीला वाव राहतो, म्हणून पाच फटके मोजून मधला आकडा धरावा.

विज्ञानाच्या शिक्षकांना यात आणखी हात घालायचा असेल, तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप मोबाइलमधल्या सेन्सरचे कच्चे आकडे दाखवतं. फिरत्या खुर्चीवर मोबाइल ठेवून फिरण्याचा वेग दुप्पट केला की त्वरण चौपट होताना दिसतं. मोबाइल बॅटला बांधायचा मोह मात्र टाळा. जोरदार फटक्यात मुठीपाशीसुद्धा गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट त्वरण येऊ शकतं. २०० ग्रॅमच्या मोबाइलला तेव्हा सहा किलो वजनाएवढी ओढ बसते. तो सुटला तर कुणाच्या तरी डोक्यात जाईल.

मग घ्यावा की नाही?

एखाद्या शाळेने एकटीने घेऊ नये, असं माझं मत. वेग वाढवायला बॅट भरपूर वेळा फिरवावी लागते, आणि त्यासाठी आधी चेंडू, दोन-तीन वेगवेगळ्या वजनांच्या बॅट, जाळी आणि पाइपाचा स्टँड लागतो. हे सगळं सेन्सरच्या पैशांत येतं. जिल्हा क्रीडा संकुलात मात्र वरून लावायचा एक सेन्सर असायला हरकत नाही. निवड झालेल्या मुलामुलींची शिबिराच्या सुरुवातीला आणि शेवटी त्यावर नोंद व्हावी. तोवर क्रीडाशिक्षकांनी एक वही ठेवावी: तारीख, मुलीचं नाव, बॅटची लांबी आणि वजन, व्हिडिओवरून काढलेला वेग, आणि शेजारी आपल्या डोळ्यांना दिसलेला दोष. उद्या सेन्सर आला, तर त्याच्या आकड्यांचा अर्थ लावायला हीच वही लागेल. सेन्सर जिल्ह्याला एक पुरतो, चेंडू मात्र प्रत्येक शाळेला हवेत.